सर्व्हरची मेमरी संपली तर कोणाला मारायचं, हे आधी ठरवून ठेवा

2 जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर, त्यावर मारिआडीबी हा डेटाबेस आणि एक वेब अ‍ॅप. डेटाबेस मध्यरात्री अचानक रीस्टार्ट होतो आणि त्याच्या लॉगमध्ये कारण सापडत नाही. अशा वेळी 'जर्नलसीटीएल -के' चालवून कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग बघा. तिथे 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' ही ओळ असेल, तर ते काम कर्नलच्या ओओएम किलरचं, म्हणजे मेमरी संपल्यावर एखादी प्रोसेस (चालू प्रोग्राम) मारणाऱ्या यंत्रणेचं. कंटेनर (बंदिस्त वातावरणात चालणारा प्रोग्राम) असेल तर एक्झिट कोड 137 दिसतो: 128 अधिक सिग्नल 9 (सक्तीने मारण्याचा).

लिनक्स मेमरी देण्याचं कबूल आधी करतो, प्रत्यक्षात देतो ती प्रोग्राम तिथे लिहायला लागल्यावर. त्यामुळे तुटवडा उशिरा उघडा पडतो, आणि तेव्हा कोणाला तरी मारावंच लागतं. कर्नल मुख्यतः आकार बघतो. मेमरी गळते वेब अ‍ॅपची (घेतलेली ते परत करत नाही), मरतो मोठा डेटाबेस!

आधी गुन्हेगाराला कुंपण घाला. 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरून अ‍ॅपच्या सर्व्हिस विभागात मेमरीहाय=700एम आणि मेमरीमॅक्स=900एम लिहा (त्यासाठी सीग्रुप व्ही2, म्हणजे प्रोसेसचे गट करून त्यांना मर्यादा घालणारी कर्नलची सोय, हवी). पहिल्या मर्यादेपुढे अ‍ॅप मंदावतं. दुसरी गाठली आणि मेमरी मोकळी करता आली नाही, तर त्याच गटातली प्रोसेस मारली जाते, बाकीचा सर्व्हर शाबूत राहतो. मेमरीमॅक्स स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) मोजत नाही, म्हणून मेमरीस्वॅपमॅक्स=0 ही ओळही हवी; नाहीतर गळती मुकाट्याने स्वॅपमध्ये जाते.

डेटाबेसच्या सर्व्हिस विभागात ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट=-600 द्या: आकडा जितका कमी, तितका मारलं जाण्याचा संभव कमी. -1000 म्हणजे पूर्ण अभय. तो मोह टाळा, कारण उद्या डेटाबेसच फुगला तर त्याच्यापायी इतर सगळे मरतील. दोन्ही सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावरच हे आकडे लागू झाले असं धरा.

स्वॅप 1 जीबी पुरे. तो काढून टाकला की मशीन गोठणार नाही, हा समज चुकीचा आहे: स्वॅप नसला तरी कर्नल प्रोग्रामच्या कोडची पानं रॅममधून टाकतो आणि पुन्हा डिस्कवरून वाचत बसतो. काम पुढे सरकतंय असं त्याला वाटतं, म्हणून ओओएम किलर येतच नाही आणि एसएसएचचं (दुरून केलेलं) लॉगिन मिनिटं-मिनिटं अडकतं. यावर अर्लीओओएम हा वेळेआधीच हस्तक्षेप करणारा प्रोग्राम बसवा. उपलब्ध रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही 10 टक्क्यांखाली गेले की तो सर्वांत जास्त ओओएम स्कोअर (कोणाला आधी मारायचं याचे कर्नलने दिलेले गुण) असलेल्या प्रोसेसला सिगटर्म (बंद होण्याची विनंती) पाठवतो, 5 टक्क्यांखाली सिगकिल (सक्तीचा अंत). सिस्टिमडी-ओओएमडी हा दुसरा पर्याय. तो कर्नल 4.20 पासून मिळणारी मेमरी-दाबाची मोजणी वापरतो.

ओव्हरकमिट (आहे त्याहून जास्त मेमरी कबूल करणं) मोड 2 करून कर्नलला आधीच नकार द्यायला लावता येतं, पण छोट्या सर्व्हरवर ते करू नये. मोठी प्रोसेस फोर्क होताना (स्वतःची प्रत काढताना) दुप्पट हिशोब धरला जातो आणि रॅम मोकळी असूनही फोर्क फसतो.

शेवटी चाचणी, चालू सर्व्हरवर नाही: 'सिस्टिमडी-रन'ला मेमरीमॅक्स=200एम आणि मेमरीस्वॅपमॅक्स=0 देऊन त्यात 'टेल' कमांड /डेव्ह/झिरो या अखंड शून्यं देणाऱ्या फाइलवर चालवा. 'टेल' ओळीचा शेवट शोधत मेमरी खात सुटतो आणि काही क्षणांत मारला जातो. न मारला गेल्यास मर्यादा लागूच झालेली नाही. सीग्रुप व्ही2 चालू आहे का, ते आधी तपासा.