दरडीचा धोका वाडीनिहाय कसा मोजावा : महाड-पोलादपूरच्या डोंगरभागासाठी नकाशाची पद्धत

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हते, हे शासनानेच नंतर सांगितले. सह्याद्रीत महसुली गाव एका जागी आणि त्याच्या वाड्या डोंगराच्या निरनिराळ्या सोंडांवर असतात, पण जनगणनेचे आकडे आणि नकाशावरचा ठिपका महसुली गावाला जोडलेला असतो. त्यामुळे गावाला एकक मानून केलेला नकाशा कितीही सुबक असला, तरी वाडीबद्दल तो काहीच सांगत नाही. पुढील पद्धत वाडी आणि शक्य तिथे घर हे एकक धरते. ती क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मोफत प्रणालीवर साध्या संगणकावर करता येते.

पहिली गरज उंचीच्या माहितीची, म्हणजे डीईएमची आहे. कोपर्निकसचे तसेच इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरील कार्टोसॅटचे ३० मीटरचे डीईएम विनामूल्य मिळते. ते उतरवल्यावर लगेच यूटीएम ४३ उत्तर या, अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात (प्रणालीतील क्रमांक ईपीएसजी ३२६४३) बदलून घ्यावे. ही पायरी गाळली, तर आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहते आणि उताराच्या नकाशात सगळा तालुका नव्वद अंशांच्या कड्यासारखा दिसू लागतो. या माहितीची मर्यादाही आरंभीच लक्षात घ्यावी. डीईएम चौकटींचे बनलेले असते आणि प्रत्येक चौकटीला उंचीचा एकच आकडा असतो. एक चौकट ९०० चौरस मीटरची असल्यामुळे रस्त्यासाठी किंवा घराच्या जोत्यासाठी डोंगर तासून काढलेली दहा-बारा फुटांची उभी बाजू तिच्यात दिसत नाही, आणि दाट झाडीच्या जागी जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांची उंची नोंदलेली असू शकते.

यानंतरचे काम सर्वांत वेळखाऊ आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे, ते म्हणजे जुन्या दरडींची नोंद. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर दरडींच्या नोंदी आणि १:५०,००० प्रमाणावरील दरडप्रवणतेचे नकाशे आहेत, त्यांपासून सुरुवात करावी. त्यात नसलेल्या दरडी सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या प्रतिमांवरून शोधाव्यात. येथे एक चूक सहज होते : पावसाळ्यापूर्वीची म्हणून मे महिन्याची प्रतिमा घेतली जाते. मेमध्ये सह्याद्रीचे सगळेच उतार वाळून तपकिरी झालेले असल्यामुळे ऑक्टोबरच्या प्रतिमेशी तिची तुलना काहीच उलगडत नाही. त्याऐवजी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ या जोडीची तुलना करावी. हिरव्या उतारावर नव्याने उमटलेले तांबडे ओरखडे तेव्हा नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात. दरडीची सीमा आखताना जिथून माती सुटली तो माथ्याकडचा भाग आणि जिथे राडारोडा साचला तो पायथ्याचा भाग वेगवेगळ्या स्तरांत, म्हणजे नकाशाच्या स्वतंत्र थरांत, ठेवावा. दोन्ही एकत्र केल्यास सपाट खाचरेही दरड सुटण्याची जागा म्हणून मोजली जातात आणि पुढचे सर्व गणित बिघडते.

आता उतार, उताराची दिशा, उताराचा खोलगटपणा, ओढ्यापासूनचे अंतर, रस्त्यापासूनचे अंतर आणि जमिनीचा वापर हे स्तर तयार करून प्रत्येकाचे वर्ग पाडावेत. वर्गांना गुण अंदाजाने देऊ नयेत, जुन्या दरडींनाच ते ठरवू द्यावेत. समजा, २५ ते ३५ अंश उताराच्या वर्गात तालुक्याचे २० टक्के क्षेत्र आहे आणि दरडी सुटलेल्या क्षेत्रापैकी ५० टक्के त्याच वर्गात आहे, तर त्या वर्गाचे गुणोत्तर २.५ झाले. एकाहून मोठे गुणोत्तर म्हणजे सरासरीपेक्षा अधिक दरडी. सर्व स्तरांतील गुणोत्तरांची चौकटीनिहाय बेरीज केली की दरड कुठे सुटण्याची शक्यता अधिक आहे, याचा नकाशा मिळतो. त्याची परीक्षाही दरडींवरच घ्यावी : २०२१ पूर्वीच्या नोंदींवरून नकाशा करावा आणि २०२१ च्या दरडी त्याच्या वरच्या वर्गांत पडतात का, ते पाहावे.

पावसाचा स्तर या बेरजेत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय हवामान विभागाची चौकटीनिहाय पर्जन्यमाहिती पाव अंशाची, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरची आहे, आणि महाडचा पायथा व महाबळेश्वरचा माथा यांना वेगळे करण्याइतकी ती बारीक नाही. पाऊस दरड केव्हा सुटेल हे ठरवण्यास उपयोगी पडतो, पण तालुक्याच्या आत ती कुठे सुटेल, हे या माहितीवरून ठरत नाही.

बरेच नकाशे इथेच थांबतात, आणि खरी उणीव इथेच राहते. माणसे बहुधा दरड सुटणाऱ्या चौकटीत राहत नाहीत. ती तिच्या खाली, माचीवर किंवा पायथ्याच्या मऊ उतारावर राहतात. घराची स्वतःची चौकट आठ-दहा अंशांची असते, नकाशात हिरवी रंगते आणि सुरक्षित मानली जाते. म्हणून प्रत्येक वाडीपासून वरच्या बाजूला, धोकादायक ठरलेल्या उतारापर्यंत रेषा ओढून क्यूजीआयएसमध्ये उंचीचा छेद पाहावा. दोन टोकांच्या उंचीतील फरकाला आडव्या अंतराने भागले की पोहोच-कोनाचे गुणोत्तर मिळते. वरचा उतार घरापेक्षा २०० मीटर उंच आणि ४०० मीटर अंतरावर असेल, तर ते ०.५, म्हणजे सुमारे २७ अंश भरते. परिसरातील जुन्या दरडींचा राडारोडा माथ्यापासून किती कोनापर्यंत वाहत गेला, हेही त्याच रीतीने मोजावे. तो २२ अंशांपर्यंत गेलेला असेल, तर २७ अंशांवरचे घर त्याच्या टप्प्यात येते. घळीच्या तोंडाशी असलेल्या घरांना मात्र हा हिशेब पुरत नाही, कारण पाण्यात कालवलेली माती घळीतून अधिक दूर जाते. डीईएममधील कृत्रिम खड्डे भरून प्रवाहसंचयाचा, म्हणजे प्रत्येक चौकटीत वरून किती क्षेत्राचे पाणी येते ते दाखवणारा, स्तर काढावा आणि अशा घळींच्या तोंडावरील प्रत्येक घर वेगळे नोंदवावे.

घरांचे आराखडे ओपनस्ट्रीटमॅप किंवा गूगलच्या खुल्या इमारत-संचातून घेता येतात, पण कुडाची आणि झाडाखालची घरे त्यांतून निसटतात. ती प्रतिमेवरून हाताने आखावीत. माणसांची संख्या आशा सेविकेच्या आणि अंगणवाडीच्या नोंदवहीतून घ्यावी आणि ती पावसाळ्यातील असावी. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाआधी परततात. हिवाळ्यात मोजणी केली, तर ज्यांना धोका सर्वाधिक तेच हिशेबातून गळतात. वाडीतून बाहेर पडण्याची वाटही तपासावी. ती ओढा ओलांडते का, वरच्या उताराखालून जाते का, हे नकाशावर कळते. तळियेच्या दिवशी महाड शहर पुरात होते आणि बचाव पथकांना पोहोचण्यास विलंब झाला. म्हणून बाहेरच्या मदतीविना पायी गाठता येईल अशी जागा प्रत्येक वाडीसाठी शोधावी.

शेवटी, छापील नकाशा घेऊन वाडीवर जावे आणि वरच्या उतारापर्यंत चढावे. जमिनीतील तडे, कलती झाडे, फुगलेल्या ताली (शेताचे बांध), नव्याने फुटलेला किंवा अचानक गढूळ झालेला झरा यांची जागा मोबाईलवरील जीपीएसने टिपावी. गुरे घेऊन रोज डोंगरावर जाणाऱ्यांना तडे कधीपासून दिसत आहेत, ते अवश्य विचारावे. ही माहिती कोणत्याही उपग्रहाकडे नसते. नकाशा आणि छेद दोन्ही ग्रामपंचायतीला आणि तहसील कार्यालयाला मेअखेरीपूर्वी द्यावेत, आणि नोव्हेंबरमध्ये नव्या दरडी नोंदवून गुणोत्तरे पुन्हा काढावीत.