तोफेची नळी आणि झीज

१:३५ मापात २५-पाउंडर या ब्रिटिश तोफेचं मॉडेल करताय? खऱ्या तोफेचा कॅलिबर ८७.६ मिमी, म्हणजे मॉडेलच्या नळीचं भोक जेमतेम अडीच मिमी. आधी सुईने मध्य टोचा, मग एक मिमीच्या ड्रिलपासून हातानेच हळूहळू वाढवत जा. पुण्याच्या बोहरी आळीत बारीक ड्रिल सुटे मिळतात.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) मारायची घाई नको. दमट हवेत पांढुरका थर धरतो. माझ्या एका तोफेची आख्खी ढाल अशीच गेली. उघडीप बघा.

झीज सगळीकडे सारखी दाखवू नका. ब्रीचचं (नळीच्या मागच्या, गोळा भरायच्या टोकाचं) हँडल, चाकांखालच्या गोल प्लॅटफॉर्मची कड, जिथे हात आणि लोखंड खरंच घासतं तिथेच ६बी पेन्सिलची पूड बोटाने चोळा. लोखंड अगदी जिवंत दिसतं!