नेट लावलं का अटकते? मग असं शोधा

“मॅडम, कॉम्प्युटर तसा चांगला चालते, नेट लावलं का अटकते.” माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारी याच शब्दांत येतात. पुसद तालुक्यातल्या आमच्या गावात मी आधी एमएस-सीआयटीचे वर्ग घ्यायची. आता घरीच फॉर्म भरून देते आणि लोकांचे कॉम्प्युटर बघते. तक्रार घेऊन येणाऱ्यांनी बहुतेक वेळा आधीच रिचार्ज बदललेला असतो, कोणी राउटरसुद्धा बदललेला असतो. दुखणं मात्र तिथंच.

नेट जोडलं की एकटं नेट सुरू होत नाही. त्याची वाट बघत बसलेली चार-पाच कामं एकदम उठतात. विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरस, ब्राउझरमधल्या जुन्या टॅब, फोटो वर चढवणारा ड्राइव्ह, यूएसबीत लावायचा वायफायचा डोंगल. शिवाय माणूस स्वतः यूट्यूब लावतो ते वेगळंच. यातलं नेमकं कोण त्रास देतं ते आधी वेगळं काढायचं. औषध नंतर.

पहिल्यांदा, काय होतं ते नीट बघा. “बिघडते” म्हणून सांगू नका. माउस जागच्या जागी थांबतो का? पूर्ण बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो? सगळं चालतं, पण साइट उघडत नाहीत? की कोपऱ्यातून जाहिराती, “व्हायरस आला” असे डबे येतात? ही चार वेगळी दुखणी आहेत. नेट जोडल्यावर लगेच होतं की पंधरा-वीस मिनिटांनी, तेही वहीत लिहा. लगेच होत असेल तर संशय डोंगल, केबल, ड्रायव्हर (डोंगल-पोर्ट चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) यांच्यावर. उशिरा होत असेल तर उष्णता किंवा मागे चाललेलं एखादं काम.

मग दोन परीक्षा घ्या, दोन्ही फुकट आहेत. मोबाइल चार्जिंगच्या केबलनं सीपीयूच्या डब्याच्या मागच्या यूएसबीला लावा, कॉम्प्युटरचं वायफाय आणि लॅन (केबलनं येणारं नेट) बंद ठेवा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. केबल डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. आता नेट येतंय, पण डोंगल, लॅन पोर्ट, राउटर या तिघांपैकी कोणीही मध्ये नाही. तरी अटकत असेल तर ते तिघे सुटले. अटकत नसेल तर दोष त्यांच्यातच शोधायचा. दुसरी परीक्षा उलटी. नेट पूर्ण बंद करा, पेन ड्राइव्हवरचा एखादा मोठा पिक्चर कॉम्प्युटरवर घ्या आणि पूर्ण स्क्रीनवर तासभर चालू द्या. नेट नसतानाही बंद पडला, तर नेटला शिव्या देणं थांबवा. आपल्या घरच्या कॉम्प्युटरचं सगळ्यात जड काम म्हणजे व्हिडिओ. तो एरवी नेटवरच पाहिला जातो, म्हणून आळ नेटवर जातो.

आता अटकण्याकडे येऊ, कारण गावात सगळ्यात जास्त हेच दिसतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. ‘मोअर डिटेल्स’ दिसलं तर त्यावर दाबा. वरच्या ओळीत सीपीयू (इथं डबा नव्हे, आतला प्रोसेसर), मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. नेट जोडायच्या आधी आकडे बघा, मग नेट जोडून पाच मिनिटं नुसते बघत राहा, काही उघडू नका. डिस्कचा आकडा 100 टक्क्यांना जाऊन तिथंच बसला, तर कॉम्प्युटर का अटकतो ते सापडलं. डिस्कच्या रकान्यावर दाबलं की सगळ्यात जास्त काम करणारा वर येतो. बहुतेक वेळा तो विंडोजचं अपडेट किंवा अँटिव्हायरस असतो.

शहरात हा त्रास कमी का, ते नीट समजून घ्या. तिथं नेट चोवीस तास असतं, अपडेट आपलं मागे कधीतरी उरकून जातं. आपल्याकडे संध्याकाळी पोरगं येतं, बाबांच्या फोनचं हॉटस्पॉट घेतं आणि तासभर बसतं. दिवसभर उपाशी असलेलं अपडेट नेमक्या त्याच तासावर तुटून पडतं. दिवसाचा दीड जीबीचा पॅक असेल तर तोही संपतो. अपडेट अर्धवट राहतं आणि उद्या त्याच वेळी पुन्हा पुढे सुरू होतं. घरच्यांना वाटतं रोज नेट लावलं की बिघडतो. त्याचं काम कधी पूर्णच होऊ दिलेलं नसतं. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क आणि 4 जीबी रॅम असेल तर मग विचारूच नका.

यावर दोन गोष्टी करा. एक, महिन्यातून एक दिवस कॉम्प्युटरला पोटभर नेट द्या. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे अशा नातलगाकडे किंवा शाळेत सीपीयू नेला तरी चालतो. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबायचं आणि चार-पाच तास हात लावायचा नाही. रीस्टार्ट मागितला तर द्यायचा, पुन्हा चेक करायचं, ‘यू आर अप टू डेट’ येईपर्यंत. दोन, फोनच्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये त्या हॉटस्पॉटच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडल्या की खाली ते बटण सापडतं. मग विंडोज बहुतेक मोठी अपडेट त्या नेटवर उतरवत नाही, रोजचा तास तुमचा राहतो. पण फक्त दुसरं करून पहिलं टाळू नका. सुरक्षेची अपडेट महिनोन्‌महिने अडकली तर पुढे वेगळी डोकेदुखी होते.

खर्चायची तयारी असेल तर नवा कॉम्प्युटर घेऊ नका, फिरती डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. जुन्या मशीनवर एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. रॅम 4 ची 8 करा, पण एसएसडी आधी. दुकानदार उलटं सांगेल.

दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा. एक विकत घेतलेला, एक कोणीतरी पेन ड्राइव्हवरून टाकून दिलेला, असं नेहमी दिसतं. नेट आलं की दोघंही एकच फाइल तपासायला धावतात. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर हा विंडोजचाच अँटिव्हायरस आधीच असतो, घरच्या वापराला तेवढा पुरतो.

आता साइट न उघडण्याबद्दल. वायफायची खूण पूर्ण आहे, फोनवर सगळं चालतं, पण कॉम्प्युटरवर महाडीबीटी उघडत नाही, बँक उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी “तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही” असं लाल पान येतं. अशा वेळी सगळ्यात आधी खाली उजवीकडची तारीख बघा. दहा वर्षं मागची तारीख दिसली तर दुखणं मदरबोर्डवरच्या (डब्यातल्या मुख्य पाटीवरच्या) सेलचं आहे. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालणारं. कॉम्प्युटरच्या घड्याळात ती तारीख अजून उजाडलीच नसेल तर ब्राउझर त्या साइटला आत घेत नाही. नेट नसताना वर्ड, एक्सेलला तारखेशी काही देणंघेणं नसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे हे जास्त होतं, कारण आपण विजेच्या भीतीनं बोर्डावरचं बटण बंद करूनच झोपतो. (बरोबरच आहे, तसंच करा.) वीज तुटली की घड्याळ पूर्णपणे त्या सेलवर चालतं. सेल 3 व्होल्टचा, नाण्यासारखा, नंबर सीआर 2032. घड्याळवाल्याकडे, मोबाइलच्या दुकानात सहज मिळतो. तिथं सीआर 2025 पुढे केला तर घेऊ नका. तो 2.5 मिलिमीटर जाड असतो, आपल्याला 3.2 चा लागतो, पातळ सेल ढिला बसतो. वायर बोर्डातून काढा, सीपीयूची बाजूची पत्री उघडा, सेलच्या कडेची छोटी पट्टी नखानं दाबली की तो वर उडतो. लिहिलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. मग तारीख आणि वेळ आधी हातानं लावा, टाइम झोन भारताचा आहे का बघा आणि त्यानंतर ‘सिंक नाऊ’ दाबा.

तारीख बरोबर आहे आणि एकच साइट तसं लाल पान दाखवते, तर दोष बहुधा त्या साइटचा. थांबा, दुसऱ्या दिवशी बघा. बँकेच्या साइटवर “तरी पुढे जा” कधीही दाबू नका. आणि विंडोज 7 अजून चालवत असाल, तर त्यावर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती. नव्या साइट तिथं अडखळणारच, त्यावर सेटिंगचा इलाज नाही. विंडोज 10 च्या अपडेटचीही नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आहे, हे लक्षात असू द्या.

नेट लावल्यावर कॉम्प्युटर झपकन बंद होत असेल तर स्क्रू ड्रायव्हर घ्या, सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. डोंगल समोरच्या यूएसबीत असेल तर मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघा. समोरचे पोर्ट पातळ वायरनं जोडलेले असतात आणि सैल होतात. मग पंखा बघा. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो आणि पोराचा कॉम्प्युटरही त्याच खोलीत. प्रोसेसरवरचा पंखा उघडला की आत सरकीशिवायचा कापूसच निघतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा अर्धा बुजलेला पंखा व्हिडिओची उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला बंद होतो. पंखा बोटानं धरून ठेवा, रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडा. कापसाच्या दिवसांत सीपीयू जमिनीवर ठेवू नका.

रब्बीत आणखी एक बघायचं. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, मोटारी चालू झाल्या की गावातला दिवा मंद होतो. संध्याकाळी ठरावीक वेळीच बंद पडत असेल तर नेटची वेळ आणि मोटारींची वेळ एकच आहे का ते पडताळा. बल्ब मंद होतो त्याच क्षणी कॉम्प्युटर पडत असेल तर दोष यूपीएसचा किंवा त्याच्या बॅटरीचा, नाही तर आतल्या एसएमपीएसचा (सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागाचा). सीपीयूच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या, बाकी सगळं नंतर.

पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर लॅनची केबलही काढायची. फायबरच्या काचेच्या तारेतून करंट येत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर बोर्डातच असतो आणि त्याच्यापुढे लॅनची केबल तांब्याची. वीज पडल्यानंतर कधी लॅन पोर्ट पूर्ण मरतो, कधी अर्धा. अर्धा मेलेला वाईट. केबल घातली की कॉम्प्युटर अटकतो, काढली की ठीक. मदरबोर्ड बदलायची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो पोर्ट ‘डिसेबल’ करा आणि यूएसबीचं लॅन कार्ड लावा.

कोपऱ्यातल्या जाहिराती बहुतेक वेळा व्हायरस नसतात. कुठल्यातरी साइटनं “नोटिफिकेशन दाखवू का” विचारलं आणि पोरानं ‘अलाऊ’ दाबलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’, तिथली अनोळखी नावं काढून टाका. पूर्ण स्क्रीन अडवून भोंगा वाजवणारं, “या नंबरवर फोन करा” म्हणणारं पान आलं तर फोन करू नका. एस्केप दाबून धरा, नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कोणी फोन करून पैसे देऊन बसलं असेल तर लगेच 1930 वर कळवा, जितक्या लवकर तितकं बरं.

एवढ्यानं सापडलं नाही तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ‘ट्रबलशूट’मधून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जा आणि पाच नंबरचा ‘सेफ मोड विथ नेटवर्किंग’ निवडा. यात वायफाय बहुधा चालत नाही, लॅनची केबल लावा. इथं नेटसकट सुरळीत चालला तर मशीन चांगलं आहे, दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा. नेहमीच्या विंडोजमध्ये या, टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मधली नावं निम्मी बंद करून बघा, मग उरलेली निम्मी. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा.

फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणं, सगळ्यात शेवटी. त्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि सातबारा-आधारच्या स्कॅन फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. त्याच पेन ड्राइव्हवर आपल्या वायफाय किंवा लॅनचा ड्रायव्हरही उतरवून ठेवा. नाही तर नव्या विंडोजला नेट सापडत नाही, आणि नेटशिवाय ड्रायव्हर मिळत नाही.