क्रिप्टोवरच्या निर्बंधांबाबत लोकप्रतिनिधीला भेटताय? या चुका टाळा

क्रिप्टोवरच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांवरच्या, निर्बंधांविरुद्ध लिहिलेली निवेदने मी बरीच वाचली आहेत, काही स्वतः लिहूनही दिली आहेत. बहुतेकांची सुरुवात एकाच वळणाची असते: बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो, २००८ चा त्याचा शोधनिबंध, दोन कोटी दहा लाख नाण्यांची मर्यादा आणि मग ‘ब्लॉकचेन हेच भविष्य आहे’. तिथपर्यंत पोचेतो वाचणाऱ्याने कागद बाजूला ठेवलेला असतो. शिवाय तो वाचणारा बहुधा लोकप्रतिनिधी नसतोच, त्यांचा सहाय्यक असतो. त्याच्यासमोर गठ्ठा पडलेला असतो आणि त्याला तीनच गोष्टी हव्या असतात. हा माणूस कोण, मागतोय काय, आणि साहेबांना यात काही करता येण्यासारखे आहे का.

‘निर्बंध उठवा’ एवढेच लिहिणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

निर्बंध नावाची एकच एक भिंत नसते. क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्सचेंजना बँक खाते न देणे हा एक निर्बंध, जाहिरातींवर बंदी हा दुसरा, मायनिंगवर (संगणक चालवून नवी नाणी मिळवण्यावर) तिसरा, सामान्य गुंतवणूकदाराला वायदे व्यवहार न करू देणे हा चौथा. करही निर्बंधासारखाच काम करतो. यातला एखादा कायद्यात असतो, एखादा नियामकाच्या नियमावलीत, तर एखादा मध्यवर्ती बँकेच्या दोन पानी परिपत्रकात. जे कायद्यात नाही ते लोकप्रतिनिधी थेट मतदानाने बदलू शकत नाही. फार तर मंत्र्याला विचारू शकतो, समितीत मुद्दा काढू शकतो.

ब्रिटनचे उदाहरण घ्या. तिथल्या वित्तीय नियामकाने जानेवारी २०२१ पासून किरकोळ ग्राहकांना क्रिप्टोवर आधारित वायदे आणि शेअर बाजारात नोंदलेल्या क्रिप्टो नोट्स (क्रिप्टोच्या भावाशी बांधलेले रोखे), दोन्हींची विक्री बंद केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नोट्सवरची बंदी उठली, वायद्यांवरची कायम राहिली. फेरविचार होतो तो असा, तुकड्यातुकड्याने. सगळे एकदम मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे फार सोपे असते.

म्हणून ‘क्रिप्टोवरील अन्यायकारक बंदी तत्काळ मागे घ्यावी’ हे वाक्य खोडा. त्याजागी असे काही येऊ द्या: ‘परिपत्रकातील परिच्छेद ३ मुळे नोंदणीकृत आणि ग्राहकांची ओळख पडताळणाऱ्या एक्सचेंजलाही बँक खाते उघडता येत नाही. अशा एक्सचेंजना या परिच्छेदातून वगळावे.’ हे वाचायला रूक्ष वाटते, पण सहाय्यक त्यावर खूण करून फाइल पुढे सरकवू शकतो. पहिल्या वाक्याचे तो काय करणार?

अधिकारावर भांडणे, प्रमाणावर न बोलणे

‘सरकारला आमच्या पैशात नाक खुपसायचा अधिकारच काय?’ हा प्रश्न मित्रांत टाळ्या मिळवतो. ज्याचे कामच कायदे करणे आहे, त्याच्यासमोर तो उलटतो.

भारतातला खटला इथे नीट पाहण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना आभासी चलनांच्या व्यवहारांत सेवा द्यायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ते रद्द केले. अनेकांना वाटते, न्यायालयाने क्रिप्टोच्या बाजूने कौल दिला. तसे नाही. रिझर्व्ह बँकेला असे पाऊल उचलायचा अधिकार आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परिपत्रक पडले ते प्रमाणाच्या कसोटीवर. ज्या बँकांच्या रक्षणासाठी एवढे कडक पाऊल उचलले, त्यांचे या एक्सचेंजमुळे काही नुकसान झाल्याचे रिझर्व्ह बँकेला दाखवता आले नाही.

लोकप्रतिनिधीपुढेही हीच वाट धरावी. अधिकार तुमचाच, भीतीही खरी, पण रोगापेक्षा औषध भारी झाले आहे का तेवढे पाहा. असे म्हटले की समोरच्याला माघार घेतल्यासारखे वाटत नाही. केवळ दुरुस्ती केल्यासारखे वाटते.

बुडालेल्या पैशांचा विषय टाळणे

एका भेटीत मी पाच मिनिटे मुद्देसूद बोललो. लोकप्रतिनिधी बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “उद्या माझ्या मतदाराचे पैसे यात अडकले, तर त्याने कोणाचे दार ठोठवायचे?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तंत्रज्ञान समजावू लागलो. भेट तिथेच संपली, चहा मात्र नंतर आला.

हा प्रश्न येणारच. २०१४ मध्ये माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडाले, मे २०२२ मध्ये टेरायूएसडी हे ‘स्थिर’ म्हणवणारे नाणे कोसळले, नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स या एक्सचेंजने दिवाळखोरी जाहीर केली. ही नावे समोरून येण्याआधी तुमच्याच तोंडून यावीत. ‘हे नुकसान आम्हाला मान्य आहे, आणि तेच टाळण्यासाठी आलो आहोत,’ असे म्हणणाऱ्याचे पुढचे वाक्य ऐकले जाते.

त्या पुढच्या वाक्यात नायजेरियाचा अनुभव कामाला येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवहार करणाऱ्यांची खाती बंद करायला सांगितले. व्यवहार थांबले नाहीत, माणसामाणसांत थेट देवाणघेवाणीकडे वळले, म्हणजे जिथे दार ठोठवायला कोणीच नाही अशा जागी. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच बँकेने धोरण बदलले आणि परवानाधारक संस्थांना खाती देण्याचे नियम घालून दिले. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते, पण ते मला घरी परतताना सुचले.

एवढ्यावर थांबू नका, बंदीच्या जागी काय हवे तेही द्या. ग्राहकांचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवणे, परवाना, तक्रार निवारणाची ठरलेली मुदत. काळ्या पैशाचा मुद्दा निघाला तर वित्तीय कृती दलाचे नियम आहेतच. २०१९ पासून हे आंतरराष्ट्रीय दल सांगत आले आहे की बँकांप्रमाणेच क्रिप्टो सेवा देणाऱ्यांनीही पैसे पाठवणारा आणि घेणारा यांची माहिती सोबत पाठवावी. अशा नियमांना तुमचा पाठिंबा आहे, हे निवेदनात लिहून टाका. क्रिप्टोवाले काही मित्र यावर नाक मुरडतील. मुरडू द्या.

चुकीचे दाखले

एल साल्वाडोर हा हमखास फसणारा दाखला. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या देशाने बिटकॉइनला कायदेशीर चलन केले खरे, पण जानेवारी २०२५ मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींपायी, बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली. अर्धी गोष्ट सांगाल तर उरलेली अर्धी सहाय्यक शोधून काढेल.

विजेचेही तसेच. ‘क्रिप्टो वीज खात नाही’ हे खोटे आहे आणि ‘क्रिप्टो वीज खाते’ हे अर्धवट. बिटकॉइनचे मायनिंग भरपूर वीज खाते. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोने सप्टेंबर २०२२ मध्ये व्यवहार पडताळण्याची पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. निर्बंध विजेच्या कारणाने घातला असेल तर हा फरक मांडा, नसेल तर विषय काढूच नका.

आपले हितसंबंध लपवणे

तुमच्याकडे नाणी आहेत? एक्सचेंजमध्ये नोकरी आहे? पहिल्या दोन ओळींत सांगा. एफटीएक्सच्या संस्थापकाने अमेरिकी राजकारण्यांना भरभरून देणग्या दिल्या होत्या. कंपनी बुडाल्यावर त्या परत करताना किंवा दान करताना अनेकांची तारांबळ उडाली. तेव्हापासून या विषयावर बोलायला आलेल्या माणसाकडे जरा तिरक्या नजरेने पाहिले जाते, आणि त्यात राजकारण्यांची चूक नाही. ‘समजायला सोपे जावे म्हणून’ लोकप्रतिनिधीच्या वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) थोडी नाणी टाकण्याची कल्पना कोणी सुचवली तर त्याला सोबत नेऊ नका. ती भेटवस्तू ठरते, आणि प्रकरण लाचेच्या आरोपापर्यंत जाऊ शकते.

वेळ चुकणे

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये पायाभूत सुविधांच्या विधेयकात, ग्राहकांच्या व्यवहारांची माहिती कर खात्याला देण्याचे बंधन ज्याच्यावर येणार होते त्या ‘दलाल’ शब्दाची व्याख्या इतकी सैल होती की मायनिंग करणारे आणि सॉफ्टवेअर लिहिणारेही तीत सापडतील अशी भीती होती. दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून दुरुस्ती तयार केली. पण तोवर ती एकमतानेच मांडता येईल अशी वेळ आली होती, आणि एका सदस्याने हरकत घेतली. हरकत क्रिप्टोला नव्हती, संरक्षण खर्चाची त्याची स्वतःची दुरुस्ती अडली म्हणून होती. मुद्दा पटलेला असूनही गेला.

मसुद्यावर हरकती मागवतात किंवा विधेयक समितीपुढे असते, तेव्हा तुमच्या एका पानाला वजन असते. मतदानाच्या आदल्या रात्री पाठवलेल्या दहा पानांना नसते. साचेबंद मजकुराचे शेकडो मेल आणि ‘पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ’ यांबद्दल वेगळे लिहायला नको.

गाडी अडली तर

*उत्तरच आले नाही.* दोन आठवड्यांनी फोन करा आणि लोकप्रतिनिधीला नव्हे, हा विषय हाताळणाऱ्या सहाय्यकाला मागा. त्याचे नाव टिपून ठेवा आणि पुढचे सगळे त्याच्याच नावे पाठवा.

*‘आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे’ असे छापील उत्तर आले.* त्याचा अर्थ मागणी नेमकी नव्हती. नवे निवेदन लिहू नका, जुन्यातलेच परिच्छेदाचा क्रमांक आणि सुचवलेला मजकूर असलेले वाक्य उचलून तेवढेच पाठवा.

*‘हे आमच्या हातात नाही, मध्यवर्ती बँकेचे काम आहे,’ असे ऐकायला मिळाले.* बऱ्याचदा ते खरेच असते. मग निर्बंध उठवायला सांगू नका, प्रश्न विचारायला सांगा. या निर्बंधाने कोणते नुकसान टळले, ते कसे मोजले आणि फेरआढावा कधी होणार, हे मंत्र्याला लेखी विचारता येते. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच करून द्या, तीन ओळींत. लेखी उत्तर आले की त्यातलेच शब्द उचलून पुढच्या निवेदनाची पहिली ओळ लिहा.