रायपनिंग चेंबरवर नवे आहात? मीटरचा आकडा आधी तपासायला शिका

वाशीच्या फळ मार्केटात रायपनिंग चेंबरवर, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीवर, नव्याने लागलेल्याला पहिल्या दिवशी एवढंच सांगतात: इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, 100 पीपीएमवर ठेव. अन्नसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआयची कमाल मर्यादाही तीच आहे. पण मीटर 100 दाखवतोय म्हणजे खोलीत 100 आहे, असं धरून चालाल तर माल हातचा जाईल.

हिशेब सोपा आहे. 1 पीपीएम म्हणजे 1 घनमीटर हवेत 1 मिलिलिटर वायू. माल भरल्यावर 60 घनमीटर हवा उरत असेल तर 6 लिटर इथिलीन पुरे. तेवढा सोडूनही आकडा 40 वरच अडला तर झडप आणखी उघडू नका. आधी दाराचं रबर आणि व्हेंटची झाकणं बघा.

उगाच चढलेला आकडा त्याहून फसवा. मीटरमधल्या इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरला कार्बन मोनॉक्साइड, अल्कोहोलची वाफ आणि अॅसिटिलीनही इथिलीनसारखेच भासू शकतात. दारात टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा असला की धूर आत येतो आणि वायू न सोडताच आकडा हलतो. खोलीतला इथिलीन जनरेटर इथेनॉलपासून (अल्कोहोलपासून) हा वायू बनवतो. त्यातला उत्प्रेरक थकला की कच्चं इथेनॉलच खोलीत येतं. मग मीटर खूश आणि केळी हिरवीगार! पेटीत कोणी बंदी असलेल्या कार्बाइडची पुडी दडवली असेल, तर तिच्यातून अॅसिटिलीन निघतो आणि तरीही आकडा वाढतो. म्हणून मीटरचं शून्य लावायचं ते शुद्ध हवेच्या सिलिंडरवर, गल्लीतल्या हवेवर कधीच नाही; आणि आंब्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत 100 पीपीएमच्या प्रमाणित वायूवर मीटर तपासून घ्या.

सेन्सर जनरेटरच्या तोंडाशी नको, पंख्याकडे परतणाऱ्या हवेत लावा. आर्द्रता 90 ते 95 टक्के असते, त्यामुळे त्यावर पाणी धरत नाही ना, हे रोज बघा.

मीटरइतकाच गराचा थर्मामीटर महत्त्वाचा. खोलीचं तापमान पुरत नाही, सळई फळात खुपसून बघायची. केळ्याचा गर 16 ते 18 अंशांवर हवा, आंब्याचा साधारण 20 ते 22. केळं 13 च्या खाली गेलं की साल राखाडी पडते. 24 च्या वर गेलं तर गर मऊ होतो, साल मात्र हिरवी राहते. क्रेट भिंतीला चिकटवून रचले की मधल्या थरात हेच होतं.

फळं श्वास घेतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो. तो 1 टक्क्याच्या वर गेला की इथिलीन भरपूर असूनही पिकणं मंदावतं. दर 12 तासांनी 20 ते 30 मिनिटं खोलीत बाहेरची हवा खेळू द्या, मग वायू पुन्हा 100 वर आणा. माणसाने आत जायचं ते हवा खेळल्यावरच.

केळ्याला 24 तास वायू पुरतो. त्यानंतर जनरेटर बंद असूनही आकडा चढू लागला तर घाबरू नका, आता फळच इथिलीन सोडतंय. त्याबरोबर उष्णताही सोडतं, म्हणून दुसऱ्या रात्री मीटरपेक्षा गराचं तापमान जास्त वेळा बघा.