स्पिटफायरच्या पंखांवरील चंदेरी झाक

स्पिटफायर विमानाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती जोडून झाल्यावर, १९४० मधील ब्रिटनच्या लढाईतील विमानांप्रमाणे, मी तिच्या वरच्या बाजूस गडद हिरवा आणि मातकट तपकिरी रंग दिला. रंग मनासारखा बसला. परंतु जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर विस्ताराच्या त्या पंखांवर निळ्या-लाल वर्तुळांची डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रे, वाळताच त्यांच्या पारदर्शक कडांखाली चंदेरी झाक दिसू लागली. दोष डिकल्सचा नव्हता. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, रंगाचा पृष्ठभाग किंचित खडबडीत असतो आणि त्याच्या खळग्यांत अडकलेली हवा अशी चमकते.

डिकल्स खरवडून काढण्याचा मोह मी आवरला. बारीक सुईने चंदेरी भागात छिद्रे पाडली, डिकल मऊ करणारे द्रावण कुंचल्याने त्यांत सोडले आणि रात्रभर वाळू दिले. द्रावण लागताच डिकल सुरकुतते. तेव्हा घाबरून ते बोटाने मुळीच सपाट करू नये, कारण वाळताना ते आपोआप ताणले जाऊन पत्र्यांच्या जोडरेषांत नेमके बसते. तिसऱ्या खेपेस झाक पूर्ण गेली.

धडावरील अक्षरांच्या वेळी मात्र आधी चकचकीत वार्निशचे दोन पातळ थर दिले, ते पुरते वाळल्यावर डिकल्स लावली आणि अखेरीस मॅट वार्निश फवारले. तिथे एकही डाग उमटला नाही.