कॉर्क आणि आसपासची ऐतिहासिक ठिकाणं: एका दिवसाला एकच दिशा

आयर्लंडला जाणारे बहुतेक लोक डब्लिनला मुक्काम करतात आणि कॉर्कला एक दिवस देतात. त्या दिवसात ब्लार्नीचा किल्ला होतो, कोव्ह बंदरावर धावती चक्कर होते आणि कॉर्क शहर राहूनच जातं. ही चूक टाळायची तर कॉर्कमध्ये चार रात्री राहा. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून कॉर्कच्या केंट स्टेशनला थेट गाडी आहे, साधारण अडीच ते पावणेतीन तास लागतात. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं.

चार रात्री कशाला? ब्लार्नी वायव्येला, कोव्ह आग्नेयेला, किन्सेल दक्षिणेला. बस किंवा ट्रेनने यातल्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं तर परत कॉर्कमध्येच यावं लागतं. सकाळी ब्लार्नी आणि दुपारी किन्सेल असा बेत केला की अर्धा दिवस बसस्टॉपवर जातो. शिवाय शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या वेळेआधी पाऊण ते एक तास थांबतो. साडेचारला धापा टाकत पोचून दार बंद दिसणारे रोजचे असतात.

निघण्याआधी

आयर्लंडमध्ये युरो चालतो, पण एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन गटात हा देश नाही. शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये प्रवेश मिळत नाही, भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटन आणि आयर्लंड जोडून करणार असाल तर दोन्ही देशांची एक संयुक्त योजना भारतीयांसाठी आहे. मात्र व्हिसावर तसा खास शेरा असावा लागतो आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे तपासा.

शहरातल्या बस आणि कोव्हची ट्रेन यांसाठी लीप कार्ड हे आधी पैसे भरायचं प्रवासाचं कार्ड घ्या. दुकानात मिळतं, तिथेच पैसे भरता येतात. रस्त्यावरच्या थांब्यावर बस दिसली की हात दाखवायचा, नाहीतर ड्रायव्हर पुढे निघून जाऊ शकतो.

छत्रीपेक्षा टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट बरं. किल्ल्याच्या माथ्यावर आणि समुद्राकाठी छत्री वाऱ्याने उलटी होते. बुटांचे तळवे खडबडीत हवेत, कारण इथला चुनखडीचा दगड झिजून गुळगुळीत झालेला असतो आणि पावसात पाय सटकतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, जूनमध्ये रात्री दहाच्या आसपास. हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणच्या वेळा आखूड होतात, म्हणून प्रत्येक ठिकाणाच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याच्या वेळा बघूनच निघा.

पहिला दिवस: पायी शहर

आयरिश भाषेत ‘कोर्काख’ म्हणजे दलदल, कॉर्क हे नाव त्यावरूनच आलं. ली नदीचे दोन फाटे होतात आणि शहराचा मध्यभाग त्यांच्यामधल्या बेटावर आहे. मुख्य बाजाररस्ता सेंट पॅट्रिक स्ट्रीट असा वळलेला का, तर अठराव्या शतकात तो झाकेपर्यंत तिथे नदीचाच प्रवाह होता. ग्रँड परेडवर फूटपाथमध्ये उलटी रोवलेली एक जुनी तोफ दिसते, ती होड्या बांधायला वापरत. हे लक्षात असलं की शहर वाचता येतं: मधला भाग सपाट, उत्तरेचा काठ एकदम उभा चढ. फोनवरचा नकाशा अंतर दाखवतो, चढ दाखवत नाही. वीस मिनिटं म्हटलं की तीस धरा.

सुरुवात इंग्लिश मार्केटमध्ये. १७८८पासूनचा हा झाकलेला बाजार रविवारी बंद असतो, म्हणून शहराचा दिवस रविवारी ठेवू नका. शाकाहारी माणसाने पाव, चीज, ऑलिव्ह आणि फळं इथूनच बांधून घ्यावीत, दुपारी विद्यापीठाच्या आवारात खायला उपयोगी पडतात. ड्रिशीन नावाचा पदार्थ विचारल्याशिवाय घेऊ नका, तो रक्तापासून करतात.

तिथून दक्षिणेचा फाटा ओलांडला की दहा मिनिटांत सेंट फिन बार कॅथेड्रल. विल्यम बर्जेसच्या आराखड्यावर १८६५ साली काम सुरू झालं. आत गेल्यावर साखळीला टांगलेला तोफगोळा शोधा, तो शहराला पडलेल्या १६९०च्या वेढ्यातला आहे. प्रवेशाला शुल्क आहे आणि प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना थांबवतात. पाच मिनिटांवर एलिझाबेथ फोर्ट, १६०१ साली बांधायला घेतलेला तारेच्या आकाराचा छोटा किल्ला. तटावर चढायला पैसे पडत नाहीत. तिथून कॅथेड्रलचे तिन्ही मनोरे एका नजरेत येतात, त्यामुळे फोटो इथूनच काढा.

मग पश्चिमेला विद्यापीठ. आवारात फिरायला तिकीट नाही आणि तरीही शहरातली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट इथेच आहे: जुन्या इमारतीच्या दगडी कॉरिडॉरमध्ये ओळीने उभे केलेले २८ ओगम शिलालेख. ओगम या प्राचीन आयरिश लिपीत अक्षर म्हणजे दगडाच्या धारेवर एका बाजूला, दुसऱ्या बाजूला किंवा आरपार मारलेल्या एक ते पाच रेघा. वाचायचं खालून वर. बहुतेक लोक दगडाच्या सपाट अंगावर लेख शोधतात, काही दिसलं नाही म्हणून पुढे जातात. नजर कोपऱ्याच्या धारेवर ठेवा आणि किंचित बाजूने पाहा, म्हणजे रेघांची सावली उठून दिसते. बहुतेक लेखांत फक्त अमक्याचा मुलगा तमका एवढंच आहे, आणि ते दीड हजार वर्षं टिकलंय.

हे विद्यापीठ तेव्हा कॉलेज होतं, आणि १८४९पासून जॉर्ज बूल इथे गणित शिकवत. संगणकाचं सगळं तर्कशास्त्र ज्यांच्या नावाने चालतं ते हेच बूल. त्यांची पत्नी मेरी ही भारताचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. १८६४च्या पावसात भिजत चालत येऊन बूलनी ओल्या कपड्यांतच व्याख्यान दिलं, त्यानंतर आजारी पडून ते गेले. जाकिटाचा आग्रह यासाठीही.

पुढे फिट्झजेराल्ड पार्कमध्ये शहराचं सार्वजनिक संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. टेरेन्स मॅक्स्विनी यांचा भाग सोडू नका. ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणारे कॉर्कचे हे लॉर्ड मेयर ७४ दिवसांच्या उपोषणानंतर २५ ऑक्टोबर १९२० रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात वारले. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणाने गेले तेव्हा मॅक्स्विनी कुटुंबाने शोकाची तार पाठवली होती. भारतीय माणसाला या दालनात उभं राहिल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही.

पार्कमधून झुलत्या पुलाने नदी ओलांडा. नाव डेलीज ब्रिज, लोक ‘शेकी ब्रिज’ म्हणतात. पलीकडे चढ चढला की कॉर्क सिटी जेल. किल्ल्यासारखी दिसणारी ही इमारत १८२४ ते १९२३ तुरुंग होती. ऑडिओ गाइड घ्याच, नाहीतर कोठड्यांतले मेणाचे पुतळे कोण आहेत ते कळत नाही. कोठड्यांच्या भिंतींवर आयरिश यादवी युद्धातल्या कैद्यांनी खरवडलेली नावं आणि ओळी अजून आहेत, त्यांना वेळ द्या. दीड तास लागतो. आत उन्हाळ्यातही गारवा असतो.

शँडन: सकाळचं काम

सेंट अ‍ॅन चर्चचा शँडन मनोरा लोक जेलनंतर त्याच संध्याकाळी उरकायला जातात आणि तो लवकर बंद होत असल्याने हात हलवत परततात. दुसऱ्या दिवशी सकाळी जा. रविवारी मात्र सकाळी प्रार्थना असते.

मनोऱ्याच्या दोन बाजू लाल वाळूच्या दगडाच्या, दोन पांढऱ्या चुनखडीच्या. पहिल्या मजल्यावर आठ घंटांचे दोर एका चौकटीत ताणून बसवलेले आहेत, प्रत्येकावर १ ते ८ आकडा. समोर सुरावटीचे कागद असतात, त्यांवर फक्त आकडे. आवडती सुरावट निवडायची आणि आकड्यांप्रमाणे दोर ओढायचे. दोर हळूच ओढला तर घंटा मुकी राहते. खाली झटकन एक ठाम ओढ द्यायची आणि लगेच सोडायचा, धरून ठेवायचा नाही. घंटा १७५० साली ग्लॉस्टरमध्ये ओतलेल्या आहेत, आणि तुम्ही वाजवलेलं सगळ्या वस्तीला ऐकू जातं. म्हणून आधी दोन ओळी मनात म्हणून घ्या.

माथ्यापर्यंत १३२ पायऱ्या. जिना अरुंद, काही ठिकाणी खांदे घासतात आणि डोकं वाकवावं लागतं. पाठपिशवी खाली ठेवा. कानांवर लावायला आवाज अडवणारे हेडफोन देतात, ते काढू नका, कारण वर तुम्ही घंटांच्या शेजारून जाता आणि खाली कोणीतरी दोर ओढतच असतं. १८४७च्या घड्याळाला गावात ‘चार तोंडांचं खोटारडं’ म्हणतात. चारही बाजूंचे काटे वाऱ्याच्या दाबाने थोडे मागेपुढे होतात आणि तासाच्या ठोक्याला जुळतात.

ब्लार्नी

शँडन लवकर आटोपलं तरी त्याच दुपारी ब्लार्नीला जाऊ नका. चुंबन घेतलं की वक्तृत्व येतं असं मानला जाणारा ‘ब्लार्नी स्टोन’ हा दगड तिथे आहे, उन्हाळ्यात त्याची रांग एक-दोन तासांची होते. शँडननंतरच्या दिवशी शहरातून २१५ क्रमांकाची बस पकडा, अर्धा तास लागतो, आणि दार उघडतानाच आत शिरा. तिकीट २० युरोच्या वर आहे. बागा वाटेतच लागतात आणि सुंदर आहेत, त्यामुळे लोक आधी तिथे रमतात. तोवर टूरबस येतात. आधी सरळ किल्ला गाठा, बागा नंतर.

१४४६च्या या किल्ल्यात चक्री जिन्याच्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. चढायचा जिना वेगळा, उतरायचा वेगळा. मध्येच मागे फिरता येत नाही, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच निर्णय घ्यावा. माथ्यावर तटाचा कठडा भिंतीबाहेर काढलेला आहे आणि दोहोंमध्ये खालच्या शत्रूवर मारा करायला फट सोडली आहे. प्रसिद्ध दगड त्या फटीच्या पलीकडे, खालच्या अंगाला बसवलेला. म्हणूनच तो उताणं झोपून चुंबावा लागतो.

रांगेतच खिसे रिकामे करा, चष्मा, फोन आणि कानातलं काढून ठेवा. ओढणी किंवा पदर कमरेला घट्ट खोचा. चटईवर फटीकडे पाठ करून बसा, आडवं व्हा, डोक्यामागचे दोन लोखंडी दांडे दोन्ही हातांनी पकडा. तिथला माणूस तुम्हाला धरतो. मग मान मागे टाकत खाली सरकायचं. दगड अपेक्षेपेक्षा खाली असतो, त्यामुळे अर्ध्यावर थांबणारे भिंतीच्याच दगडाला ओठ लावून उठतात. खाली जाळी आहे, पडण्याची भीती नाही. मान, पाठ किंवा रक्तदाबाचा त्रास असेल आणि गरोदरपणात हे करू नये.

कोव्ह आणि स्पाइक बेट

कोव्हसाठी केंट स्टेशनवरून ट्रेन, पंचवीस मिनिटं. याच फलाटांवरून मिडल्टनच्या गाड्याही सुटतात आणि ग्लाउनथॉनला फाटा फुटतो. चुकीच्या गाडीत बसलात तर तिथेच उतरून बदला. जाताना उजवीकडे बसा, खाडीचं पाणी त्या बाजूला आहे.

स्टेशनलगतच्या हेरिटेज सेंटरमध्ये स्थलांतराचा इतिहास आहे. १८४८ ते १९५० या काळात सुमारे पंचवीस लाख माणसं या बंदरातून देश सोडून गेली. बाहेर अ‍ॅनी मूर आणि तिच्या भावांचा पुतळा: १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर नोंद झालेली पहिली व्यक्ती ती. ११ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक इथे शेवटचं थांबलं, तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. इथून १२३ प्रवासी चढले. व्हाइट स्टार लाइनच्या मूळ कचेरीत आता टायटॅनिकचं प्रदर्शन आहे. तिकिटाऐवजी एका खऱ्या प्रवाशाच्या नावाचं बोर्डिंग कार्ड मिळतं आणि तो वाचला की नाही ते शेवटी कळतं. चौकातलं स्मारक लुसिटानिया या जहाजाचं, जे ७ मे १९१५ रोजी बुडालं.

स्पाइक बेटाची फेरी केनेडी पियरवरून सुटते. तिकिटात बोट आणि गाइड दोन्ही येतात, एकूण साडेतीन तास धरा आणि आधी बुक करा. हिवाळ्यात फेऱ्या मोजक्याच असतात. धक्क्यावरून किल्ल्यापर्यंत चढ आहे. १८४७ ते १८८३ इथे कैद्यांचा तुरुंग होता आणि भर गर्दीच्या काळात २,००० हून जास्त माणसं कोंडलेली होती. गाइडसोबतचा भाग संपल्यावर लगेच बोटीकडे पळू नका, परतीच्या वेळेपर्यंत शिक्षेच्या कोठड्यांचा विभाग एकट्याने पाहा.

किन्सेल

२२६ क्रमांकाची बस कॉर्कहून विमानतळमार्गे किन्सेलला जाते. म्हणून हा दिवस शेवटी ठेवून सामानासह विमानतळ गाठायचा मोह होतो, पण किल्ल्यात पिशव्या ओढत फिरणं जमत नाही. गावातून चार्ल्स फोर्ट तीन किलोमीटर, समुद्राकाठची पायवाट छान आहे. १६७७च्या सुमारास सुरू झालेल्या या किल्ल्याचा सगळा जोर समुद्राच्या बाजूला. जमिनीकडच्या तटावर उभं राहून मागे पाहा: टेकडी तटापेक्षा उंच आहे. १६९० साली वेढा घालणाऱ्यांनी तिचाच फायदा घेतला आणि तेरा दिवसांत किल्ला पडला. हा किल्ला सरकारी वारसा खात्याकडे आहे, पण ब्लार्नी, जेल, शँडन आणि स्पाइक बेट त्या खात्याचे नाहीत. त्यामुळे फक्त कॉर्कसाठी सरकारी हेरिटेज कार्ड घेऊन पैसे वसूल होत नाहीत.

गाडी असेल तर

कॉर्कपासून पश्चिमेला साधारण दोन तासांवर शीप्स हेड द्वीपकल्पात अहाकिस्टा गाव आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान या किनाऱ्यासमोर अटलांटिकवर बॉम्बस्फोटाने पडलं, ३२९ जण गेले. सापडलेले मृतदेह कॉर्कच्या रुग्णालयात आणले होते. समुद्राकाठी लहानशी बाग, सूर्यघड्याळ आणि दगडी भिंतीवर कोरलेली नावं आहेत. दरवर्षी त्या सकाळी ८ वाजून १३ मिनिटांनी तिथे शांतता पाळली जाते. प्रवेश सदैव खुला असतो. शेवटचे रस्ते एका गाडीपुरते अरुंद आहेत, समोरून वाहन आलं तर जवळच्या रुंद जागेपर्यंत मागे घ्यावं लागतं, म्हणून उजेड असतानाच परत निघा.